युजर रिसर्चसाठी रिपॉझिटरी टूल कसं निवडावं

नाशिकमध्ये शेतीचं ॲप बनवणाऱ्या टीमकडे मुलाखतींचा माल भरपूर साठतो. निफाडच्या बागायतदाराचं रेकॉर्डिंग कुणाच्या तरी लॅपटॉपवर, लासलगावच्या लिलावातले फोटो व्हॉट्सॲपवर, निष्कर्ष एखाद्या पीपीटीत. वर्षभराने तोच प्रश्न घेऊन पुन्हा त्याच बांधावर जायची वेळ येते. रिपॉझिटरी, म्हणजे हा सगळा माल एका जागी ठेवून त्यात शोधता येईल असं टूल, त्यासाठीच घ्यायची. मात्र डव्हटेल घ्यावं की कन्डेन्स (दोन्ही अशीच टूल्स), हा वाद सध्या बाजूला ठेवा.

आधी प्रश्न जमवा. प्रॉडक्ट मॅनेजर, डिझायनर, सपोर्टवाले रिसर्चरला काय विचारतात, ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. उदाहरणार्थ, 'शेतकरी हिशोबपट्टीचा (माल विकल्यावर मिळणाऱ्या पावतीचा) फोटो अपलोड का करत नाहीत?' असे दहा-बारा प्रश्न पुरेत. फीचरच्या तक्त्यापेक्षा ही यादी कामाची.

मग टॅग, म्हणजे मुलाखतीतल्या वाक्यांना लावायची विषयांची लेबलं, ठरवा, तेही साध्या गूगल शीटमध्ये. टीम दोन-तीन जणांची असेल तर ड्राइव्ह आणि ही शीट यांवर बराच काळ निभावतं. तसं असेल तर विकत काही घेऊच नका.

ट्रायल आपल्याच रेकॉर्डिंगवर घ्या. खरी निवड इथे होते. डेमोत स्वच्छ इंग्रजी ऑडिओ असतो. तुमच्याकडे मागे फवारणीचा ब्लोअर घरघरतोय आणि शेतकरी एका दमात भुरी, डावणी (द्राक्षावरचे रोग), थिनिंग (विरळणी), गोल्टी (बारीक कांदा) सगळं बोलून जातोय. तीच फाइल चढवा. ट्रान्स्क्रिप्टमध्ये 'गोल्टी'ची 'गोळी' झाली, तर ती मुलाखत सर्चमध्ये सापडणार नाही. मग 'कांदा' शोधून पाहा: 'कांद्याला', 'कांद्याचा' असलेली वाक्यं येतात का? मराठीत शब्दाचं रूपच बदलतं, आणि अक्षरं जुळवणारा सर्च तिथे आपटतो. बागलाणातली अहिराणी मुलाखतही एक असू द्या. तिचं ट्रान्स्क्रिप्ट बहुधा हातानेच करावं लागेल, पण ते टूलमध्ये नीट जोडता येतं का, हे कळेल.

यानंतर मुलाखतींना न गेलेल्या सहकाऱ्याला प्रश्नांची यादी द्या आणि गप्प बसा. त्याला उत्तर मिळालं का आणि त्यामागची मूळ क्लिप सापडली का, एवढंच बघा. रिसर्चरला विचारावं लागलं, तर ते टूल बाद.

संमतीची सोय तपासा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याचा हक्क आहे, आणि ती देता येते तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. म्हणून एका शेतकऱ्याचं रेकॉर्डिंग, ट्रान्स्क्रिप्ट आणि क्लिपा एकत्र शोधून पुसता येतात का, ते ट्रायलमध्येच करून बघा. विक्रेत्याच्या 'हो हो, होतं' वर जाऊ नका.

दराचं थोडक्यात: फक्त वाचणाऱ्यांचेही पैसे लागतात का, ते विचारा. लागत असतील तर लॉगिन मोजक्यांनाच मिळतं आणि बाकीचे पुन्हा रिसर्चरच्या टेबलाशी येतात.

बाहेर पडायची वाटही आधीच चालून बघा. एन्जॉयएचक्यू हे असंच टूल 2021 मध्ये युजरझूम कंपनीने घेतलं, आणि 2023 मध्ये युजरझूम युजरटेस्टिंग या दुसऱ्या कंपनीत विलीन झालं. या धंद्यात मालक असे बदलतात. ट्रायलमधला सगळा माल एक्स्पोर्ट करा; टॅग आणि टाइमस्टॅम्प सोबत आले पाहिजेत.

राहिली देखभाल. नवे टॅग कोण मंजूर करणार, डुप्लिकेट कोण काढणार, त्या माणसाचं नाव ठरवा आणि त्याच्या कामाच्या तासांत ते धरा. तोपर्यंत वर्षाचा प्लॅन घेऊ नका, महिन्याचाच चालवा.