क्रोमच्या चाकांवर रंग टिकवायचा तर

क्रोम काचेसारखं गुळगुळीत. त्यावर थेट मारलेला रंग नखानेही सोलून निघतो. चाक डिग्रीझरने (तेल-ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने) धुवा, वाळवा, मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण मरेपर्यंत घासा, शेवटी ३२०. आऱ्यांच्या बेचक्यात चमक हमखास राहते आणि पापुद्रा तिथूनच सुटतो. क्रोम आधीच फुगलं असेल तर तेवढं खरवडून कडा उतरत्या करा.

थिनरने पुसल्यावर इपॉक्सी प्रायमर (रंगाला पकड देणारा खालचा थर), मग रंगाचे तीन पातळ हात, मध्ये १०-१५ मिनिटं. वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. घाईत जाड हात दिला की ओघळ आलाच.

नट बसतात त्या खाचा आणि हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) टेकणारी मागची बाजू मात्र टेपने झाकाच. तिथला रंग दबला की नट सैल पडतात.