जुनी स्पोर्ट्स कार ट्यून करताय? कार्ब्युरेटरला हात सगळ्यात शेवटी

गाडी गचके खायला लागली, पिकअप गेला की आपला हात पहिला कुठे जातो, तर कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे. मीपण तेच केलं होतं. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या ट्विन एसयूशी, म्हणजे एसयू बनावटीच्या दोन कार्ब्युरेटरशी, दोन रविवार झटापट केली, मिक्श्चर कमी करून बघितलं, वाढवून बघितलं, आणि शेवटी निघालं काय तर इग्निशनमधला कंडेन्सर खराब, तोही नवीनच टाकलेला! वर कार्ब्युरेटरचं चांगलं चाललेलं सेटिंग घालवून बसलो ते वेगळंच. म्हणून क्रम पाळा: आधी कॉम्प्रेशन, मग टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप), मग इग्निशन, आणि हे सगळं ठीक असेल तरच कार्ब्युरेटर. खालचे आकडे एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनाचे आहेत, तुमची गाडी दुसरी असेल तर तिच्या मॅन्युअलमधले घ्या, क्रम तोच राहतो.

कॉम्प्रेशन बघताना इंजिन गरम पाहिजे, चारही प्लग काढलेले, कॉइलची वायर सोडलेली आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल बंद ठेवून टेस्ट केली की रीडिंग उगाच कमी येतं आणि माणूस घाबरतो. रीडिंग किती आलं यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक बघा, साधारण १० टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा. एखादा फारच कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत बघा, वाढलं तर रिंगा गेल्यात, तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्ह नाहीतर हेडचं पॅकिंग. असं असेल तर ट्यूनिंग इथेच थांबवा, त्या दुखण्याला स्क्रू फिरवून काही उपयोग नाही.

आता टॅपेट. थंड इंजिनावर गॅप ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. यात नऊचा नियम लक्षात ठेवला की काम सोपं होतं: १ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा ८ नंबरचा सेट करायचा, ३ दाबलेला असेल तेव्हा ६, बेरीज नेहमी ९. फिलर गेज हलकं अडखळत सरकलं पाहिजे, आणि लॉकनट आवळल्यावर परत तपासा कारण आवळताना गॅप हलतोच. सापडलेला गॅप वहीत लिहून ठेवा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटला शिशाच्या पेट्रोलचं संरक्षण मिळायचं, अनलेडेडमध्ये ते नाही, त्यामुळे हेडमध्ये कडक सीट बसवलेल्या नसतील आणि गाडी दामटली तर एक्झॉस्टची सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकत जातो आणि गॅप कमी होत जातो. दरवेळी एक्झॉस्टचा गॅप कमी झालेला सापडला तर समजून जा. आणि टॅपेट थोडे वाजले तर वाजू द्या, टाइट टॅपेट आवाज करत नाही, सरळ व्हॉल्व्ह जाळतो.

इग्निशनमध्ये आधी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, उघडले की स्पार्क पाडणारे संपर्क), मग टायमिंग (स्पार्क कधी पडतो ते), उलटं कधीच नाही, कारण पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग आपोआप बदलतं. गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच. पॉइंटची टाच, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर घासणारा भाग, झिजत गेली की गॅप कमी होतो आणि स्पार्क उशिरा पडायला लागतो, गाडी हळूहळू मंद होत जाते आणि रोज चालवणाऱ्याला ते कळतही नाही. टाचेला चिमूटभर ग्रीस लावा, जास्त नको, उडून पॉइंटवर बसतं. टायमिंग लाइट लावली की रेस देऊन बघा, पुलीवरचा मार्क सरकला पाहिजे, नाही सरकला तर डिस्ट्रिब्युटरमधली, वेग वाढला की स्पार्क आधी आणणारी वजनं गंजून अडकलीत. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम पाइपला तोंड लावून ओढा, आतली प्लेट हलली नाही किंवा नुसती हवा येत राहिली तर बघा पाइप कुठे चिरलाय का, नाहीतर डायफ्राम फाटलाय.

एवढं झाल्यावर कार्ब्युरेटर. आधी एसयूच्या डॅशपॉटमधलं (वरच्या घुमटातलं) ऑइल बघा, २० ग्रेडचं इंजिन ऑइल चालतं. ते संपलं असेल तर एक्सिलरेटर दाबल्या दाबल्या गाडी दचकते आणि लोक मिक्श्चरला दोष देतात. कार्ब्युरेटरचा पिस्टन बोटाने उचलून सोडला की टक्कन आवाज करत खाली पडला पाहिजे. मग रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरा आणि दोन्हीकडचा हिस्स आवाज सारखा करा. आता मिक्श्चर: इंजिन चालू असताना कार्ब्युरेटरचा पिस्टन साधारण १ मिमी उचला, आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बंद पडायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर किंचित वाढून जागेवर आला तर बरोबर.

ऑइल २०डब्ल्यू-५०, आणि डब्यावर झेडडीडीपी म्हणजे झिंक-फॉस्फरसचं प्रमाण बघून घ्या. नवीन गाड्यांच्या ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी ते कमी केलेलं असतं आणि आपले सपाट टॅपेट (इथे कॅमवर टेकणारे भाग, वरचा गॅप नव्हे) कॅमवर घासतात. गाडी कमी चालली तरी ऑइल वर्षातून एकदा बदलाच, उभ्या गाडीत ओलावा आणि ॲसिड साठतं. बंद गाडी पाच मिनिटं चालू करून परत बंद करणं तर त्याहून वाईट, त्यापेक्षा अर्धा तास फिरवून आणा. पेट्रोलचे रबरी पाइपही बदलून टाका, इथेनॉलने जुनं रबर मऊ होऊन पाझरतं आणि खाली एक्झॉस्ट तापलेला असतो. पाइपवर आर९ (इथेनॉल सहन करणाऱ्या पाइपची खूण) लिहिलंय का बघून घ्या.

शेवटी गाडी चांगली पळवून आणा आणि आल्या आल्या इंजिन बंद करा, थंड झालं की प्लग काढून बघा. दहा मिनिटं आयडलवर ठेवून प्लग बघितला तर तो काळाच दिसणार, आणि तुम्ही परत स्क्रूड्रायव्हर उचलणार.