ब्लॅक पावडर रायफल आणि वारा: झेंडा नको, माडाचे शेंडे बघा

ब्लॅक पावडर रायफलीने (जुन्या काळ्या बंदुकीच्या दारूवर चालणारी) हजार यार्ड मारायचे असतील तर रायफल कुठली, गोळी किती ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) हे सगळं नंतर, आधी वारा वाचायला शिका, आणि त्याला लायसन्स लागत नाही, गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर दुपारी उभे राहिलात तरी पुरे (रायफल तेवढी लायसन्स असेल तर, आणि रेंजवरच).

.45-70 या जुन्या काडतुसाची पाचशे ग्रेनची शिशाची गोळी सुटतानाच सेकंदाला 1200-1300 फूट, म्हणजे आजच्या रायफलीच्या निम्म्यानेही नाही. हजार यार्ड गाठायला तिला तीन सेकंदांहून जास्त लागतात. ताशी 10 मैलांचा आडवा वारा तिला दहा फुटांहून जास्त ढकलतो, म्हणजे अंदाज एका मैलाने चुकला की गोळी फूटभर बाजूला. वारा तिरका, म्हणजे गोळीच्या रेषेशी 30 अंशांतून येत असेल तर निम्माच धरा.

आता लोक फसतात ते इथे. ही गोळी वाटेत नजरेच्या रेषेच्या चाळीसेक फूट वर जाते, आणि आपण बघत बसतो खाली लावलेला झेंडा! माडाचे शेंडे बघा, खालचं गवत गप्प असतं तेव्हा वर झावळ्या नाचत असतात.

पावसाळा सोडला तर आपल्याकडे सकाळी मतलई वारा पूर्वेकडून, दुपारी खारा वारा समुद्राकडून. मधली वेळ बेकार, वारा पडतो, फिरतो, परत पडतो. तेव्हा घाई नको, एकच कंडिशन (वाऱ्याचा ठराविक जोर आणि दिशा) ठरवा, ती परत आली की मारा. स्कोपमधून मृगजळ (तापलेल्या हवेची थरथर) बाजूला वाहताना दिसलं तर ठीक, पण ते सरळ वर उकळतंय तर थांबा, कारण एकतर वारा नाही, नाहीतर पाठून किंवा समोरून येतोय आणि कुठल्याही क्षणी बाजू बदलेल. पाठचा वारा डावी-उजवी करत असेल तर सगळ्यात वाईट.

दमट हवेत गोळी जड चालते म्हणतात, ते खोटं, दमट हवा उलट हलकी असते, फरक मात्र नगण्य. ओलाव्याचा खरा संबंध नळीतल्या काजळीशी. ही दारू जळून निम्म्याहून जास्त घन अवशेषच उरतो. जुलैत तो मऊ राहतो, जानेवारीच्या कोरड्या सकाळी कडक होतो आणि नेम बिघडतो, मग दर शॉटनंतर ब्लो ट्यूबने (फुंकायची छोटी नळी) नळीत दोन-चार लांब फुंकर मारायच्या, श्वासाच्या ओलाव्याने तो मऊ होतो. आणि हो, ती काजळी पाणी ओढते, त्यात आपली खारी हवा, त्यामुळे त्याच संध्याकाळी साबणाच्या गरम पाण्याने नळी धुवून, पूर्ण सुकवून तेल लावा, उद्यावर ढकललंत तर गंज ठरलेला.