नवा कॅमेरा: पूजा झाली, चाचणी राहिली

दसऱ्याला कॅमेरा घरी येतो. खोक्यासकट देवासमोर ठेवून हळद-कुंकू वाहिलं जातं, वर आपट्याचं पान. आजीचा एक फोटो, देव्हाऱ्याचा एक, की कॅमेरा कपाटात. तो बाहेर निघतो थेट डिसेंबरात, मावसबहिणीच्या लग्नात. तिथे लक्षात येतं की प्रत्येक फोटोची डावी बाजू धूसर येतेय. दुकानदार म्हणतो, "बदलून द्यायची मुदत दहा दिवसांची होती हो, आता सर्व्हिस सेंटरला दाखवा."

नातेवाइकांत 'याला कॅमेऱ्यातलं कळतं' असा शिक्का माझ्यावर बसलाय, त्यामुळे असे फोन मलाच येतात. त्यावरून सांगतो, कुठलं मॉडेल घ्यावं यावर लोक दोन महिने काथ्याकूट करतात आणि घेतलेला नग नीट आहे का हे बघायला दोन तास देत नाहीत.

पहिल्याच आठवड्यात कॅमेऱ्याला छळा

वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, नसेल तर पुस्तकांच्या चळतीवर, भिंतीला समांतर ठेवा. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक, जेवढं उघडेल तेवढं उघडा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि झूमच्या दोन्ही टोकांना एकेक फोटो घ्या. मग संगणकावर शंभर टक्के मोठा करून चारही कोपरे वाचा. मध्यापेक्षा कोपरे थोडे मऊ येतात, त्यात वावगं काही नाही. पण एका कोपऱ्यातली 'वधू पाहिजे' स्वच्छ वाचता येतेय आणि दुसऱ्या कोपऱ्यातला 'फ्लॅट विकणे' नुसता फराटा दिसतोय, तर लेन्समधली एखादी काच तिरकी बसलेली असू शकते. कॅमेराच भिंतीशी तिरका होता का, ही शंका फेडायला तो उलटा धरून पुन्हा फोटो घ्या. धूसरपणा चौकटीच्या त्याच कोपऱ्यात राहिला, तर दोष लेन्सचा. मुदत संपायच्या आत बदलून घ्या.

मग लेन्सला झाकण लावून आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/६० सेकंद ठेवून एक फोटो. तो काळाकुट्ट यायला हवा. त्यात लाल-निळे ठिपके चमकत असतील तर दुकानात दाखवा. शटर काही सेकंद उघडं ठेवलं तर मात्र दोन-चार ठिपके चांगल्या कॅमेऱ्यातही उमटतात, त्यावरून भांडायला जाऊ नका. शेवटी ॲपर्चर एफ/१६ वर नेऊन (एफपुढचा आकडा मोठा तितकं भोक लहान) पांढऱ्या आकाशाचा फोटो घ्या. राखाडी डाग दिसले तर ती चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरची धूळ. एफ/४ ला ती दिसत नाही, म्हणून कित्येकांना वर्षभर पत्ता लागत नाही.

"बिल पाहिजे का?"

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात असो की तुमच्या गावात, हा प्रश्न कानावर आला की सावध व्हा. डिजिटल कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. बिलाविना मिळणारी सूट बहुतेकदा त्याच्याच आसपास असते, आणि तेवढ्यासाठी भारतातली वॉरंटी जाते. आयातदाराचं नाव आणि एमआरपी असलेलं लेबल खोक्यावर हवं. बॉडीवरचा अनुक्रमांक खोक्याशी आणि बिलाशी जुळवा. लेन्सचा क्रमांक वेगळा असतो, तोही बिलावर लिहून घ्या.

मेगापिक्सेल मोजले, लेन्स विसरली

८ बाय १२ इंचांची उत्तम प्रिंट काढायला इंचाला ३०० ठिपके धरले, तर २४०० गुणिले ३६००, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलच्या आसपास पुरतात. आजचा साधा कॅमेरासुद्धा बहुतेकदा २४ चा असतो. त्यामुळे २४ की ३२ या वादात मला रस नाही. फोटो काढणार कशाचे, ते सांगा.

माझा एक मित्र नव्या कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स, म्हणजे १८ ते ५५ मिलिमीटरची झूम, घेऊन उजनीच्या पाणलोटात भिगवणला रोहित पक्षी टिपायला गेला. पहाटे होडीत बसला, पक्षी हजारोंनी होते, आणि फोटोत आल्या गुलाबी मुंग्या. तिथे लांबचं जवळ आणणारी, निदान ३०० मिलिमीटरची लेन्स तरी लागते. वर्षातून एकदाच जायचं असेल तर अशी लेन्स पुण्या-मुंबईत भाड्याने मिळते, विकत घ्यायची गरज नाही.

उलट घरातल्या बाळाचे किंवा देवळाच्या गाभाऱ्यातले फोटो हवे असतील, तर ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स घ्या. किट लेन्स ५५ ला एफ/५.६ पर्यंतच उघडते. ही तिच्या नऊ-दहापट प्रकाश आत घेते, म्हणजे जिथे शटर १/१५ वर अडकत होतं तिथे १/१२५ मिळतं. बाळ हललं तरी चालतं.

काकांची जुनी लेन्स फुकट मिळतेय म्हणून त्याच कंपनीची बॉडी घेणार असाल, तर आधी माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती जागा, तपासा. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ साली पूर्ण फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले. आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्याची लेन्स त्यांवर ॲडॉप्टरशिवाय बसत नाही. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, म्हणून लेन्समध्ये स्वतःची मोटर नसेल तर हाताने फोकस करत बसावं लागतं.

फोनवरच्या तक्रारी: कॅमेरा बिघडलेला नसतोच

"व्ह्यूफाइंडरमधून सगळं अंधुक दिसतं, फोटो मात्र स्वच्छ येतो." व्ह्यूफाइंडरशेजारचं छोटं चाक फिरवा, ते तुमच्या डोळ्याच्या नंबरासाठी असतं. "लेन्स एरर दाखवतोय." मिटणारी किट लेन्स असेल तर बटण दाबून आधी उघडावी लागते. "फोटो सेव्ह होत नाही." कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी बघा. "सगळेच फोटो काळपट." कुणीतरी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सोय, उणे दोनवर ठेवलंय. पहिलं चार्जिंग आठ तास करायचं, हेही सोडा. लिथियम-आयन बॅटरीला त्याची गरज नाही.

एक चूक माझी स्वतःची. एका साखरपुड्यात मी चाळीसेक फोटो काढले, पडद्यावर दिसतही होते. कार्ड घरी संगणकात राहिलं होतं. काही कॅमेरे कार्डाविनाही शटर दाबू देतात. दुकानात शोभेला ठेवण्यासाठी ही सोय ठीक, घरी आल्यावर पहिल्यांदा मेनूत जाऊन ती बंद करा.

कार्डावरून आठवलं, १२८ जीबी लिहिलेली नकली कार्डं बाजारात भरपूर आहेत. थोडे फोटो नीट जातात, पुढचे कोरे निघतात. नवं कार्ड एकदा पूर्ण भरून, परत उघडून बघा. व्हिडिओसाठी व्ही३० खूण असलेलं घ्या. सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची ती हमी.

आणि पावसाळा. कोकणात राहत असाल तर जूनपासून कॅमेरा चामडी बॅगेत, बंद कपाटात ठेवू नका. बुरशीला तेच हवं असतं. स्वयंपाकघरातला हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटं आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. एसी गाडीतून उतरल्यावर लेन्सवर वाफ धरते, तेव्हा पुसत बसू नका. अर्धा तास बॅगेतच राहू द्या. बुरशीचा जाळीदार ठसा काचेच्या लेपात एकदा शिरला, तर लेन्स उघडून साफ केल्यावरही तो कायमचा राहू शकतो.