केमोआधी वहीत आत्तीचं नाव लिहा

आक्काच्या स्तनात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला कॅन्सर झालेला? आम्ही आईच्या माहेरचं सगळं सांगितलं. गडहिंग्लजची आत्ती बीजकोशाच्या कॅन्सरनं गेली, तिचं नाव कुणाच्या तोंडी आलंच नाही. स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष बापाकडूनही येतो, आणि प्रत्येक लेकराला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, हे आम्हाला नंतर कळलं.

म्हणून आधी वहीचं जोडपान घ्या. डावीकडे आईचं माहेर, उजवीकडे वडिलांचं घराणं. नावापुढं कसला कॅन्सर, कितव्या वर्षी. बीजकोश, स्वादुपिंड, प्रोस्टेट, पुरुषाच्या छातीतली गाठ, सगळं लिहा. ‘पोटात पाणी झालेलं’ एवढंच कुणाला आठवत असेल तर तेवढंच लिहा. म्हाताऱ्या माणसांना फोनवर विचारू नका, घरी जाऊन बसा. चहा झाल्यावर बोलतात.

ते पान दाखवून जनुकीय तपासणीचं विचारा. रक्ताचा नमुना पुरतो, रिपोर्टला काही आठवडे लागतात. तोवर केमो सुरू करायची का, हे डॉक्टर ठरवतील. आक्काला लाल औषधाचे (डॉक्सोरुबिसिन या केमोचे) दोन डोस झाल्यावर रिपोर्ट आला, बीआरसीए१ जनुकात दोष. मग पुढच्या टप्प्यात पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या जोडीला कार्बोप्लॅटिन हे दुसरं औषध द्यायचं ठरलं.

डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर ते नीट सांधायला बीआरसीए लागतं. अशा गाठीच्या पेशींत ती सोयच उरलेली नसते. कार्बोप्लॅटिन नेमकी तिथंच इजा करतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या टीएनटी चाचणीत, आजार पसरलेल्या आणि हा दोष असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६८ टक्के जणींना कार्बोप्लॅटिन लागू पडलं, डोसिटॅक्सेल हे नेहमीचं केमो ३३ टक्क्यांना. तरी प्रत्येकीला ते द्यायचंच असं नसतं. विचारा मात्र नक्की.

केस गेले, उलट्या झाल्या म्हणजे औषध लागू पडतंय, असं कोल्हापुरातल्या वॉर्डात शेजारच्या बायका आक्काला सांगायच्या. तसं नसतं. गाठ मोजावी लागते. केमोआधी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवणार का, हेही विचारून ठेवा. गाठ पार विरघळली तरी सर्जनला जागा सापडली पाहिजे. कार्बोप्लॅटिनच्या सहाव्या आठवड्यात आक्काची गाठ हाताला लागेना. आई जोतिबाला जाऊन आली. पण खरा निकाल ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टात असतो, आणि त्यात थोडी गाठ उरलेली निघाली. आम्ही सगळे गप्प झालो. तिथंही जनुकाचा रिपोर्टच कामी आला. बीआरसीएचा दोष असलेल्यांना देतात त्या ओलापॅरिबच्या गोळ्या त्याच्यामुळंच वर्षभर देता आल्या.

रविवारी मी गडहिंग्लजला आत्तीच्या लेकीकडं निघालेय. आक्काच्या रिपोर्टची झेरॉक्स पिशवीत ठेवलीय. नेमका कुठला दोष शोधायचा ते त्यावर असतं, आणि तेवढाच तपासला की खर्चही कमी येतो.