ऑर्किडला फुटलंय ते नेमकं काय?

भर मे महिन्यात, जळगावच्या उकाड्यात, मलूल पडलेल्या ऑर्किडच्या जुन्या दांड्यावर हिरवं काही फुटलं की लोक म्हणतात, कळी आली. मला नाही वाटत. घरोघरी असतं ते फॅलेनॉप्सिस. त्याला नवा फुलदांडा यायला काही आठवडे रात्रीचा गारवा लागतो. आपल्याकडे तो दिवाळीनंतर.

आधी फुटवा कुठून निघालाय ते बघा. पानांच्या बेचक्यातून असेल तर मूळ किंवा दांडा. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत. मागचा भाग रुपेरी. दांड्याचं टोक चपटं, बाजूला बारीक खाच. मला ती चष्म्यानेही दिसत नाही, मोबाइलवर फोटो काढून मोठा करते. तरी कळेना तर थोडे दिवस जाऊ द्या. दांडा उजेडाकडे वळतो, त्यावर पेरं दिसतात. मूळ असेल तर कापू नका, कुंडीत कोंबूही नका.

जुन्या दांड्याच्या पेऱ्यातून पानांची जोडी निघाली, तर ते पिल. केळीला बुडाशी येतं, याला बहुतेकदा दांड्यावर. उष्णतेनेही येतं, पण झाड आजारी असताना आलं तर आधी आईची, म्हणजे जुन्या झाडाची, तपासणी करा. मधलं कोवळं पान हलकेच ओढा. सहज हातात आलं, बुडाशी काळपट आणि वास मारत असेल, तर शेंडा कुजलाय. बहुतेकदा पानांच्या मध्ये पाणी साचून हे होतं. कूलरसमोर ठेवलेल्या झाडाचा मला हमखास संशय येतो. हे झाड शेंड्यानेच वाढतं, त्यामुळे तो गेला की आईची वाढ संपली. तरी तिची पानं हिरवी आहेत तोवर पिलाला पोसू द्या. पिलाला दोन-तीन पानं आणि बोटभर लांब मुळं आली की दांड्याच्या तुकड्यासकट कापा. बुडाशी आलेलं पिल मात्र वेगळं करू नका.

शेंडा शाबूत असेल तर कुंडी उपसा. मुळं दाबून बघा: टणक ती ठेवा, पोकळ, पिचपिचीत ती आचेवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापा. नर्सरीच्या रोपात मुळांच्या मधोमध शेवाळाचा ओला गोळा असतो, तोही काढा. मग कोळसा आणि नारळाच्या भिजवून धुतलेल्या सोडणाचे तुकडे भरा.

पांढरं काही दिसलं तर बोटाने पुसा. कापसासारखं चिकट असेल तर पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपा. कुंडीच्या काठावर खरखरीत थर असेल तर बोअरचे क्षार. अशा झाडाला पावसाचं किंवा आरओचं पाणी द्या.