नाशकात समुद्ररंगाचं प्रशिक्षण: नकाशा सगळ्यात शेवटी

उपग्रहाच्या समुद्ररंग-डेटाची, म्हणजे पाण्याच्या रंगावरून त्यातलं हरितद्रव्य आणि गाळ ओळखण्याची कार्यशाळा समुद्रकाठीच घ्यायला हवी असं काही नाही. लॅपटॉप, बरं इंटरनेट आणि जवळ एखादा मोठा जलाशय एवढं असलं की भागतं, आणि नाशकात हे तिन्ही आहे. येणारी मंडळी बहुधा वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, पर्यावरण किंवा जलविज्ञानाची असतात. पाणी त्यांना कळतं, उपग्रहाची सवय नसते. अशांना पहिल्याच दिवशी अरबी समुद्राचा रंगीबेरंगी नकाशा दाखवला की काम बिघडतं, कारण मग कच्च्या आकड्यांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पाच दिवसांची आखणी असेल तर चौथ्या दिवसापर्यंत नकाशा काढू द्यायचा नाही.

नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारी हा काळ धरावा. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर ढगांमुळे हाती काही लागत नाही. एप्रिल-मेमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने पाण्यावरची चकाकी थेट सेन्सरमध्ये शिरते. तारखा मात्र हॉलच्या सोयीने नव्हे, सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या फेरीने ठरवा. दोन उपग्रह मिळून तो साधारण पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातो. ती फेरी कार्यशाळेच्या तिसऱ्या दिवशी यायला हवी.

सोळा जण, दोघांत एक लॅपटॉप, १६ जीबी रॅम आणि १०० जीबी मोकळी जागा, हे प्रमाण चांगलं जमतं. सीडॅस हे नासाचं मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर उघडतं, चित्रं दाखवतं, पण कच्च्या डेटावर प्रक्रिया करणारा त्याचा भाग लिनक्स किंवा मॅकवर चालतो. विंडोजवाल्यांनी आधी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी सोय) बसवून घ्यावं. हे काम पहिल्या सकाळवर ढकललं तर तो दिवस गेलाच म्हणून समजा. आठवडाभर आधी सूचना पाठवा आणि सॉफ्टवेअर चालू झाल्याचा स्क्रीनशॉट मागवा. ‘हो, झालंय’ या उत्तरावर विसंबू नका.

नासाच्या अर्थडेटा संकेतस्थळावर प्रत्येकाने स्वतःचं खातं काढायचं. कमांडने फाइली उतरवायच्या तर होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी, खात्याचं नाव-पासवर्ड ठेवणारी नेटआरसी फाइल लागते आणि तिची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, ठेवावी लागते. पासवर्ड चुकला की गंमत होते: फाइल उतरते, नावही बरोबर असतं, पण आकार जेमतेम काही केबी. तो डेटा नसतो, लॉगिनचं वेबपान असतं. सीडॅस ती उघडत नाही आणि लोक सॉफ्टवेअरला दोष देत बसतात. म्हणून उतरवलेल्या फाइलचा आकार आधी पाहायचा, हा नियमच करून टाका. तरीही सरावाच्या सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर तयार ठेवाव्यात. सोबत वारा, हवेचा दाब आणि ओझोन यांच्या पूरक फाइलीही हव्यात, नाहीतर नेट गेलं की प्रक्रिया तिथेच अडते.

इतिहासाला पंधरा मिनिटं पुरेत. १९७८ चा सीझेडसीएस, १९९७ चा सीविफ्स, १९९९ चा आपला ओशनसॅट-१, २००२ चा अ‍ॅक्वा-मोडिस, २०२२ चा ओशनसॅट-३ आणि २०२४ चा पेस, समुद्राचा रंग पाहणारे एवढे सेन्सर आणि उपग्रह फळ्यावर लिहून पुढे सरका. वेळ द्यायचा तो एका गोष्टीला: उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या निळ्या प्रकाशातला साधारण नव्वद टक्के वाटा हवेचा असतो, पाण्याचा उरलेला दहा. हवेच्या हिशेबात दहापैकी एका हिश्शाची चूक झाली, तर पाण्याचा आकडा जवळजवळ दुप्पट होतो किंवा शून्यावर येतो. हे गणित त्यांच्याकडूनच करून घ्या. मग ‘वातावरणीय दुरुस्ती’, म्हणजे हवेचा वाटा वजा करणं, हे प्रकरण कंटाळवाणं वाटत नाही.

दुपारी पहिली लेव्हल-२ फाइल (हवेचा वाटा वजा करून पाण्याचे आकडे दिलेली) पायथनमध्ये उघडायची. एक्सअ‍ॅरे या पायथन-लायब्ररीने ती नेहमीसारखी उघडली की आत काहीच दिसत नाही आणि हॉलभर हात वर होतात. फाइल रिकामी नसते. हरितद्रव्य आणि परावर्तन (पाण्यातून परत येणारा प्रकाश) ‘जिओफिजिकल डेटा’ या गटात असतं, अक्षांश-रेखांश ‘नेव्हिगेशन डेटा’ या गटात. गटाचं नाव देऊन दोन्ही वेगवेगळे उघडायचे आणि मग जोडायचे. फाइलच्या नावातली वेळ यूटीसी असते. त्यात साडेपाच तास मिळवायला हमखास कुणीतरी विसरतं.

दुसरा दिवस पूर्णपणे फ्लॅगचा, म्हणजे पिक्सेलवरच्या इशारा-खुणांचा. प्रत्येक पिक्सेलला एक पूर्णांक चिकटवलेला असतो आणि त्या पिक्सेलची सगळी कुंडली त्यात असते. जमीन असेल तर २, तीव्र चकाकी ८, भरकटलेला प्रकाश २५६, ढग किंवा बर्फ ५१२, गढूळ पाणी २०४८, अशी बेरीज होत जाते. मुंबईसमोरच्या एखाद्या पिक्सेलवर २३१२ दिसलं, तर फोड कागदावर करून घ्या: २०४८ अधिक २५६ अधिक ८. म्हणजे पाणी गढूळ, आसपास जमीन किंवा ढग, आणि वर चकाकी. असा पिक्सेल ठेवायचा की टाकायचा, यावर वाद होऊ द्या. खोल समुद्रासाठी हे सगळे फ्लॅग कडकपणे लावावेत. किनाऱ्यालगत मात्र भरकटलेल्या प्रकाशाचा फ्लॅग लावला की जमिनीला चिकटून असलेली पाण्याची पट्टी बहुतेक गळून जाते. तिथे तो लावून आणि न लावून, दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून पाहणं शहाणपणाचं. जमीन, ढग आणि दुरुस्ती फसल्याचा फ्लॅग यांत तडजोड नाही.

त्यानंतर एकाच दृश्यातले तीन बिंदू घ्यायचे: मुंबईच्या अक्षांशावर ६७ अंश पूर्वेला खोल समुद्रात, ७१ अंशांवर उथळ मंचावर आणि तिसरा अगदी किनाऱ्याजवळ. तिन्हींचा परावर्तनाचा आलेख एकाच कागदावर काढा. खोल पाण्यात वक्र निळ्याकडे उंच आणि लालकडे जवळजवळ शून्य असतो. किनाऱ्याजवळ शिखर हिरव्याकडे सरकतं आणि लाल भागही वर उचललेला दिसतो. तो गाळ. प्रमाणित हरितद्रव्य-सूत्र निळ्या-हिरव्याच्या गुणोत्तरावर चालतं, आणि गाळ व कुजलेल्या पाल्याचा विरघळलेला रंग दोन्ही निळा प्रकाश खातात. सूत्राला ते शेवाळच वाटतं. खंभातच्या आखातात दिसणारं भरघोस हरितद्रव्य त्यामुळे आधी संशयानेच पाहायचं. ४१२ नॅनोमीटरला परावर्तन ऋण आलं असेल तर दुरुस्तीच चुकली आहे. त्या पिक्सेलच्या हरितद्रव्यावर चर्चा नको.

तिसऱ्या दिवशी गंगापूर धरण. शहराचं पिण्याचं पाणी इथून येतं, तेव्हा बोटीची आणि नमुन्यांची परवानगी जलसंपदा विभागाकडून आधीच घेऊन ठेवा. लाइफ जॅकेटशिवाय कुणालाही बोटीत चढवू नका. मोडिसचा पिक्सेल १ किलोमीटरचा, त्यात काठ, झाडी आणि पाणी एकत्र कालवलं जातं. म्हणून इथे सेंटिनेल-२ वापरायचा. त्याची फेरी घड्याळात अकराच्या सुमारास येते. दहा ते साडेबारा या वेळात काठापासून दूर पाच-सहा ठिकाणं उरकावीत आणि प्रत्येक ठिकाणी जीपीएस व वेळ लिहावी.

पाण्याची पारदर्शकता मोजणारी काळी-पांढरी सेक्की तबकडी २० सेंटिमीटर व्यासाची घ्या. बोटीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल काढून सोडायची. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी घ्यायची. हरितद्रव्यासाठी पाणी गडद बाटलीत, बर्फात. पारदर्शक बाटली बोटीत उन्हात राहिली तर नमुना गेला. जीएफ/एफ या काचतंतूंच्या गाळणकागदातून ५०० मिलिलिटर गाळायचं. कागद लवकर तुंबला तर २५० वर थांबा, पण आकडा लिहून ठेवा. कागद फॉइलमध्ये गुंडाळून, ९० टक्के अ‍ॅसिटोनच्या १० मिलिलिटरमध्ये, रात्रभर फ्रीजच्या अंधारात. नळ्या काचेच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या हव्यात, पॉलिस्टायरीन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. २५० मिलिलिटर गाळलं असेल, तर अर्कातले मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर गुणिले ४० केलं की लिटरमागे मायक्रोग्रॅम मिळतात, आणि तोच आकडा मिलिग्रॅम प्रति घनमीटर.

प्रतिमेची वातावरणीय दुरुस्ती अ‍ॅकोलाइट या पाण्यासाठीच्या सॉफ्टवेअरने करा. सेन२कॉर हे दुसरं सॉफ्टवेअर जमिनीसाठी बनलेलं आहे. आणि नाशिकची उंची विसरू नका. सुमारे ६०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो, म्हणून हवेच्या रेणूंनी विखुरलेला प्रकाशही तेवढाच कमी. सेटिंगमध्ये समुद्रसपाटीचा दाब राहिला, तर निळ्यातून जास्त वजाबाकी होते आणि तलावाचं पाणी उगाच काळपट दिसतं. त्या दिवशी ढग आलेच, तर आधीच्या फेरीची प्रतिमा सरावाला घ्या. तिच्याशी आजचे नमुने जुळवू मात्र नका.

चौथ्या दिवशी नकाशा आणि सरासरी. हरितद्रव्याची पट्टी नेहमी लॉग प्रमाणात ठेवायची, नाहीतर किनारा सोडून सगळा समुद्र एकाच निळ्यात बुडतो. एका चौकटीत चार दिवसांचे आकडे ०.२, ०.३, ०.३ आणि ९ आले, तर साधी सरासरी २.४५ येते, भूमितीय ०.६३ आणि मध्यक ०.३. कोणती वापरली हे नकाशाखाली लिहिलं नसेल तर नकाशा परत करा. आठ दिवसांच्या एकत्रित नकाशाबरोबर, प्रत्येक चौकटीत किती निरीक्षणं आहेत याचा दुसरा नकाशाही मागा. जुलैतल्या मोकळ्या जागा शेजारच्या आकड्यांनी भरून काढायचा मोह होतो. त्या मोकळ्याच ठेवायच्या.

पाचवा दिवस पडताळणीचा. समुद्रातल्या नमुन्यांसाठी रूढ निकष असे: उपग्रहाच्या वेळेपासून तीन तासांच्या आत, भोवतालची ५ गुणिले ५ पिक्सेलची चौकट, त्यातले निम्म्याहून जास्त पिक्सेल वैध, आणि त्यांच्यातला फरक बेताचा, म्हणजे चलन गुणांक (प्रमाण विचलन भागिले सरासरी) ०.१५ च्या आत. हे लावल्यावर नमुना आणि उपग्रह-आकडा यांच्या शंभरातल्या बऱ्याच जोड्या गळतात. नवशिके हिरमुसतात आणि हळूच निकष सैल करू लागतात, तिकडे लक्ष ठेवा.

निरोप देताना एक तपासणी करून घ्या: प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये एकाच पुनर्प्रक्रियेच्या फाइली आहेत ना. नासा जुना डेटा नव्या अंशांकनाने वेळोवेळी पुन्हा तयार करते. २०२१ मध्ये उतरवलेली फाइल आणि आज उतरवलेली त्याच दिवसाची फाइल यांत फरक असू शकतो. दोन्ही एका मालिकेत जोडल्या तर सांध्यावर एक पायरी दिसते, आणि तिला हवामानबदल म्हणून शोधनिबंधात घालणं फार सोपं असतं. पुनर्प्रक्रियेची आवृत्ती फाइलच्या माहितीतच नोंदवलेली असते. ती वाचून फोल्डरच्या नावात घाला.